पाचशे तासांची शिदोरी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मला एका अशा विद्यार्थ्याविषयी बोलायचे आहे, ज्याच्याबद्दल आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही. मेडिकलच्या विद्यार्थ्याच्या अभ्यासाचे कौतुक होते, इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याच्या नोकरीची चर्चा होते. पण फार्मसीचा विद्यार्थी दोन वर्षे डिप्लोमा किंवा चार वर्षे डिग्री करतो, तेव्हा तो नेमके काय शिकतो, हे त्याच्या घरच्यांनाही सांगता येत नाही. आमच्या रोहिणखेडला एखादा मुलगा डी. फार्म.ला गेला की पारावर चर्चा होते, "डॉक्टर नाही झाला तं काय झालं, गोळ्या तं देईन!" यात कौतुक किती आणि कीव किती, ते सांगणाऱ्यालाच ठाऊक.

रोहिणखेड हे बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यातले गाव. अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, आमच्या भाषेत 'घाटाखाली'. इतिहासाच्या पुस्तकात या गावाचे नाव १४३७ आणि १५९० साली झालेल्या दोन लढायांमुळे येते. आजचे गाव कपाशी, मका आणि सोयाबीनच्या हिशेबावर चालते. इथली मुले मोताळ्याला, बुलढाण्याला, मलकापूरला शिकायला जातात. मी स्वतः याच वाटेने फार्मसी शिकलो आणि गेली बरीच वर्षे औषधाचे दुकान चालवतो आहे. प्रात्यक्षिक प्रशिक्षणासाठी विद्यार्थी माझ्याकडे येतात. त्यांच्याशी होणाऱ्या बोलण्यातून जे उमगले, तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट म्हणजे, या अभ्यासक्रमाला येणारी बरीच मुले इथे यायचे म्हणून आलेली नसतात. बारावी सायन्स झाली, नीटमध्ये गुण कमी पडले, घरात दुसऱ्यांदा परीक्षा देण्याइतकी ऐपत नाही, मग कोणीतरी सांगते, "फार्मसी करून टाक, दुकान तरी टाकता येईल." 'करून टाक' या शब्दांतच सगळे आले. पहिल्या वर्षाच्या वर्गात बसलेला मुलगा मनाने अजून दुसऱ्याच कॉलेजच्या दारात उभा असतो. त्यातून बाहेर यायला त्याला सहा महिने लागतात, आणि तोवर पहिली सेशनल परीक्षा होऊन गेलेली असते.

दुसरी अडचण भाषेची. बारावीपर्यंत निम्मे मराठीत समजावून घेतलेले असते. इथे आल्यावर फार्मास्युटिक्स, फार्माकॉग्नसी, फार्माकॉलॉजी असे एकसारखे वाटणारे तीन शब्द एका दमात अंगावर येतात. पहिले औषधाचे रूप घडवण्याचे शास्त्र, दुसरे वनस्पती व प्राण्यांपासून मिळणाऱ्या औषधांचे आणि तिसरे औषध शरीरात काय करते याचे. एवढे तीन ओळींत मराठीतून सांगितले तर मुलाचा जीव भांड्यात पडतो. पण ते सांगायला बहुधा कोणाला सवड नसते. मग सुरू होते पाठांतर आणि त्याच्या जोडीला जर्नल. जर्नल म्हणजे प्रयोगवही. सीनिअरची जुनी वही समोर ठेवायची आणि रात्री दोनपर्यंत अक्षरन् अक्षर उतरवायचे. तीच आकृती, तेच निरीक्षण, कधी कधी आधीच्याने केलेली चूकसुद्धा तशीच. सबमिशनच्या आठवड्यात होस्टेलच्या खोलीत डोकावले, तर हे औषधशास्त्राचे विद्यार्थी आहेत की नकलनवीस, असा प्रश्न पडावा.

मी ही थट्टा करत नाही. यात खरे नुकसान काय होते, ते एका उदाहरणाने सांगतो.

आमच्या वेळी फार्माकॉग्नसीच्या प्रात्यक्षिकात धोतऱ्याचे पान असे. त्याचा पातळ छेद घ्यायचा, फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायचा, काष्ठमय पेशी गुलाबी झालेल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या आणि आकृती काढायची. आकृती नीट आली नाही तर वही परत. पुढे दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजीत ॲट्रोपीन हे औषध यायचे. उपयोग चार, दुष्परिणाम पाच, असे पाठ करायचे. आता पाहा, हे ॲट्रोपीन ज्या वनस्पतींमध्ये असते त्यांतलीच एक म्हणजे धोतरा. आणि शेतकऱ्याला फवारणी करताना ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची बाधा झाली, तोंडाला फेस आला, घाम सुटला, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, की दवाखान्यात हेच ॲट्रोपीन टोचून त्याचा जीव वाचवण्याची शर्थ केली जाते. या कीटकनाशकाने शरीरातला एक विकर बंद पडतो, त्यामुळे ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन साठत जाते, आणि ॲट्रोपीन त्या रसायनाची वाट अडवते. अर्थात याचा अर्थ घरी धोतरा खायला द्यावा असा मुळीच नाही. धोतरा स्वतःच विषारी आहे आणि कोणत्या पानात किती अंश आहे हे कोणालाच सांगता येत नाही. मोजून मापून, शुद्ध करून दिले ते औषध. खरे म्हणजे फार्मसी या शास्त्राचा जन्मच या एका वाक्यात आहे.

२०१७ साली आपल्या विदर्भातच, यवतमाळ जिल्ह्यात, फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याला धोतरा, ॲट्रोपीन आणि बापाच्या पाठीवरचा फवारणी पंप या तीन गोष्टींची सांगड कोणी घालून दिली, तर तो विषय जन्मभर विसरणार नाही. पण एक गोष्ट एका वहीत, दुसरी दुसऱ्या वहीत आणि तिसरी शेतात. तिन्हींची गाठ पडतच नाही. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीला मी हे सांगितले, तेव्हा ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "सर, आमच्या घरी दर हंगामात फवारणी होते. हे मला माहीत असायला पाहिजे होतं." तिच्या आवाजात राग होता. मला तो राग योग्य वाटला.

आता येतो या भाषणाच्या मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे पाचशे तासांकडे.

डी. फार्म. करणाऱ्याला लेखी परीक्षा पास झाल्यावर किमान तीन महिने आणि किमान ५०० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याशिवाय नोंदणी नाही. १९९१ च्या नियमावलीत तर यांतले निम्मे, म्हणजे २५० तास, प्रत्यक्ष प्रिस्क्रिप्शनवरची औषधे देण्यात गेले पाहिजेत अशी अटच होती. तीन महिन्यांत पाचशे तास म्हणजे रविवार सोडला तर रोज साधारण साडेसहा तास. नियम करणाऱ्याने पुष्कळ विचार करून हा नियम केला आहे. पण माझ्याकडे दरवर्षी निदान चार-पाच पालक येतात आणि अगदी सौजन्याने म्हणतात, "भाऊ, पोराला यायला जमणार नाही, तेवढी सही देऊन टाका." सही द्यायला मी नकार दिला की त्यांना नवल वाटते. कारण दुसरीकडे ती मिळते, हे त्यांना माहीत असते.

पाचशे तासांत काय शिकायला मिळते? कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलगा सिंपल सिरप करायला शिकतो. शंभर ग्रॅममध्ये ६६.७ ग्रॅम साखर, हे त्याला तोंडपाठ असते. इमल्शन करतो, कॅलामाइन लोशन करतो. हे आवश्यकच आहे, त्याने हात बसतो, मोजमापाची शिस्त लागते. पण गावातल्या दुकानात कोणी इमल्शन करून मागत नाही. तिथे येते एक आजी. तिच्या हातात दम्याची रोटाकॅप. ही कॅप्सूल यंत्रात घालून तिची पूड श्वासातून ओढायची असते. आजी ती पाण्याबरोबर गिळते आहे, आणि 'गुण येत नाही' म्हणून तक्रार घेऊन आली आहे. तिथे येते एक तरुण आई. लेकराच्या अँटिबायोटिकच्या बाटलीत कोरडी पूड आहे. पाणी कोणते घालायचे, खुणेपर्यंत किती, आणि तयार केलेले औषध किती दिवस चालते, हे तिला कोणी सांगितलेले नाही. पाणी उकळून गार केलेले हवे, घातल्यावर बाटली हलवून पातळी पुन्हा खुणेशी आणावी लागते, आणि लेबलावर लिहिलेल्या मुदतीनंतर उरलेले औषध फेकून द्यायचे असते. तिथे येतो सांधेदुखीचा रुग्ण, ज्याला मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदा लिहून दिली आहे. ती त्याने चुकून रोज घेतली तर जीवावर बेतू शकते. हे सांगायला दोन मिनिटे लागतात. पण ती दोन मिनिटे कोणाची? डॉक्टरांच्या दाराशी साठ माणसांची रांग आहे. शेवटचा माणूस, ज्याच्या हातून औषध रुग्णाच्या हातात जाते, तो फार्मासिस्टच आहे.

आणि हे बोलणे मराठीत करायचे असते. इंग्रजीच्या भीतीने खचलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो, पुस्तक इंग्रजीत आहे खरे, पण पेशंट वऱ्हाडीत बोलतो. जो मुलगा 'ट्वाइस डेली आफ्टर मील्स' हे 'सकाळी अन् रात्री भाकर खाल्ल्यावर' असे सांगू शकतो, त्याच्याजवळ शहरातल्या मुलाजवळ नसलेली एक विद्या आहे. २०२० च्या नव्या नियमावलीने डिप्लोमाच्या अभ्यासक्रमात सोशल फार्मसी आणि कम्युनिटी फार्मसी हे विषय आणले, ते याच विचाराने. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाशी बोलून औषध समजावणे हे फार्मासिस्टचे कर्तव्यच ठरवले आहे. कागदावर आपण बरेच पुढे गेलो आहोत.

कागदाबाहेर काय आहे, तेही सांगतो. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे आहे. पण पुष्कळ दुकानांत भिंतीवर फ्रेममध्ये एका माणसाचे प्रमाणपत्र असते आणि गल्ल्यावर दुसराच माणूस बसलेला असतो. प्रमाणपत्र भाड्याने दिलेले असते. पास झालेल्या मुलाला घरबसल्या दरमहा थोडी रक्कम मिळते, दुकानदाराला परवाना मिळतो. दोघेही खूश. मी शिकून बाहेर पडलो तेव्हा माझ्याकडेही एका शहरातला दुकानदार असा प्रस्ताव घेऊन आला होता. "तुम्हाला काही करायचं नाही, फक्त कागद द्या," असे तो म्हणाला. चार वर्षांच्या शिक्षणाची किंमत 'काही करायचं नाही' अशी व्हावी, याचे वाईट वाटले. विद्यार्थ्यांच्या निराशेचे मूळ मला इथे दिसते. अभ्यास अवघड म्हणून मुले निराश होत नाहीत. माणूस नको, त्याचा कागद हवा, हे दुसऱ्याच वर्षी त्यांच्या कानावर येते म्हणून ती निराश होतात. मग कशासाठी शिकायचे?

दुकानदाराची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. किंमत-नियंत्रणाखालच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला त्याच्या खरेदी किमतीवर १६ टक्के नफा धरलेला आहे. समजा, खेड्यातल्या दुकानात दिवसाला तीन हजारांचा गल्ला झाला, तर हातात जेमतेम चारशे रुपये. त्यातून भाडे, वीजबिल, फ्रिज आणि मुदत संपलेला माल. यातून तो पगारी फार्मासिस्ट कसा ठेवणार? म्हणून माझे मत असे झाले आहे की, लहान गावात दुकानाचा मालक स्वतःच फार्मासिस्ट असावा, हाच एक व्यवहार्य मार्ग आहे. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेतही पात्र विद्यार्थ्याला स्वतःचे केंद्र काढता येते. पण त्यासाठी जागेची सोय, थोडे भांडवल आणि दुकान चालवण्याची हातोटी लागते. ही हातोटी त्या पाचशे तासांत येते, सहीने येत नाही.

हा कायदा आला कुठून, हे विद्यार्थ्यांना माहीत असावे. १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. बाजारात भेसळीची, कस नसलेली औषधे येत होती आणि ती देणाऱ्याला शिक्षणाची अट नव्हती. समितीने कायदा हवा, तसेच शिक्षण हवे, असे सांगितले. त्याच सुमारास, १९३२ साली, महादेवलाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात औषधशास्त्राच्या शिक्षणाचा पाया घातला. १९४० चा औषध कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा त्यानंतरचे. म्हणजे लोक फसवले जात होते, म्हणून हा व्यवसाय उभा राहिला. आपल्या राज्यात महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, २०१२ च्या सुमारास, 'फार्मासिस्ट हजर नसेल तर औषधविक्री नाही' हा नियम कडकपणे लावला गेला, तेव्हा केवढा गदारोळ झाला, हे अनेकांना आठवत असेल. नियम जुनाच होता. तो पाळायचा म्हटल्यावर गडबड झाली.

दरम्यान कॉलेजे वाढत गेली. फार्मासिस्टांची संख्या गरजेपेक्षा जास्त होते आहे म्हणून फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०१९ साली नव्या कॉलेजांवर पाच वर्षांची बंदी घातली. ती न्यायालयात टिकली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती रद्द ठरवली, आणि मग नव्या कॉलेजांची रीघ लागली. इमारत झाली, पाटी लागली, पण शिकवणारा अनुभवी माणूस कुठून आणणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? २०२२ च्या नियमाने डिप्लोमाधारकांना नोंदणीपूर्वी तीन पेपरांची एक्झिट परीक्षा आणली. मुले तिला वैतागली. 'आधीच दोन वर्षे, वर आणखी एक परीक्षा' ही त्यांची तक्रार मला समजते. पण दोष परीक्षेचा कमी आणि तिची गरज पडावी अशा शिकवण्याचा जास्त आहे.

शिष्यवृत्तीचे हप्ते उशिरा येतात, तोवर फीचा तगादा सुरू असतो. बस चुकली तर प्रॅक्टिकल चुकते, प्रॅक्टिकल चुकले तर हजेरी कमी भरते. गावातून ये-जा करणाऱ्या मुलीला संध्याकाळची शेवटची गाडी गाठायची असते म्हणून ग्रंथालयात बसता येत नाही. या अडचणी लहान दिसतात, पण दोन वर्षे रोज सोसल्या की माणूस दमतो. शिक्षकांनी एवढे केले तरी पुष्कळ, की गैरहजर मुलाला झापण्याआधी त्याची गाडी कोणती, हे विचारावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला तीन गोष्टी सुचवतो. जर्नल उतरवताना प्रत्येक प्रयोगाखाली एक ओळ स्वतःची, मराठीत लिहा की हे आपल्या गावात कोणाच्या उपयोगी पडेल. गुण मिळणार नाहीत, पण विषय तुमचा होईल. दुसरे, पाचशे तास खरोखर करा. घाटाखालच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पत्र्याच्या दुकानात इन्सुलिन दोन ते आठ अंशांत कसे ठेवायचे, वीज गेली तर काय करायचे, शेड्यूल एच-वन औषधांची नोंदवही कशी लिहायची आणि ती तीन वर्षे का जपायची, हे कोणतेही पुस्तक हाताला धरून शिकवणार नाही. आणि तिसरे, तुमचे प्रमाणपत्र जिथे तुम्ही उभे असाल, तिथेच लावा. शासकीय दवाखान्यात या पदाला 'औषध निर्माण अधिकारी' असे भारदस्त नाव आहे, गावात 'कंपाउंडर' म्हणतात. नावाचे काय ते लोक ठरवतील, काम तुम्ही ठरवा.

आणि श्रोतेहो, तुम्हालाही एक विनंती आहे. पुढच्या वेळी औषध घ्यायला जाल, तेव्हा भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे नजर टाका आणि विचारा, "यांच्याशी बोलता येईल का?" औषध कसे घ्यायचे, कशाबरोबर घ्यायचे नाही, कुठे ठेवायचे, हे विचारून घ्या. बिल मागा. तुम्ही विचारू लागलात, तर दुकानदाराला उत्तर देणारा माणूस ठेवावा लागेल, आणि आज बसच्या मागच्या सीटवर मांडीवर वही ठेवून आकृती काढत असलेल्या आमच्या मुला-मुलींना आपल्या शिक्षणाचे काम मिळेल.